गांवकी आणि उपरे

स्वित्झर्लंडच्या नागरिकाचें पारपत्र उघडून पाहिलें तर त्यांत एक गोष्ट आढळते, ती इतर देशांच्या पारपत्रांत सहसा आढळत नाहीं. मनुष्य कोठें जन्मला हें त्यांत लिहिलेलें नसतें. तो मूळचा कोणत्या गांवचा हें लिहिलेलें असतें. हें मूळगांव त्यानें कदाचित् डोळ्यांनीं पाहिलेलेंही नसेल. त्याचा पणजा तेथून निघून झूरिकला किंवा जिनीव्हाला चाकरीसाठीं आला असेल आणि पुढच्या तीन पिढ्या तेथेंच नांदल्या असतील. तरी कागदोपत्रीं तो त्या गांवचाच. स्विस राज्यघटनेचें सदतिसावें कलम सांगतें कीं, जो कोणत्या तरी ग्रामसंस्थेचा व तिच्या कँटनचा नागरिक आहे तोच स्विस नागरिक होय. म्हणजे नागरिकत्वाचा ओघ तेथें वरून खालीं वाहत नसून खालून वर चढतो : आधीं गांव, मग कँटन, आणि सर्वांच्या शेवटीं राष्ट्र.

आमच्या वाचकांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. मराठेशाहींतील कागदपत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांस मिरासदार आणि उपरी हा भेद ठाऊक आहे. मिरासदार तो गांवचा. त्याचा हक्क वंशपरंपरेचा, त्याला गोतसभेंत मान. उपरी तो बाहेरून आलेला. जमीन कसावी, सारा भरावा, पण गांव आपलें म्हणूं नये. गोव्यांतील गांवकरीची संस्था याहून जुळती. मूळ वसाहत करणारांच्या वंशजांनींच गांवच्या सामाईक उत्पन्नाचे वांटे घ्यावे असा तिचा दंडक. आपल्याकडील ग्रामसंस्थांचें गुणगान करण्याची चाल गेल्या शतकापासून पडली आहे. त्या गुणगानांत उपऱ्याचें नांव फारसें निघत नाहीं. स्वित्झर्लंडांत मात्र तें निघाल्याशिवाय राहिलें नाहीं. परकीयांस देशांत किती घ्यावें, कोणी घ्यावें, आणि घेण्याचें नाकारण्याचा अधिकार हा स्वातंत्र्याचाच भाग आहे कीं काय, हे प्रश्न सर्वच पाश्चात्य लोकसत्तांत माजले आहेत. पण इतरत्र ते मंत्रिमंडळांत व कायदेमंडळांत सुटतात किंवा चिघळतात, आणि या एका देशांत ते मतपेटींत टाकले जातात. म्हणून त्याचीच हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या पद्धतीचें मूळ स्वातंत्र्यप्रेमांत नसून दारिद्र्यांत आहे, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. सोळाव्या शतकापासून तेथें असा नियम पडत गेला कीं, ज्या त्या गांवानें आपापल्या भिकाऱ्यास पोसावें. हा नियम झाल्याबरोबर ‘हा भिकारी कोणाचा?’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होऊन बसला. शिवाय गांवाच्या मालकीचीं वनें व डोंगरावरचीं कुरणें असत. गांवकऱ्यांच्या यादींत एक नांव वाढलें म्हणजे एक वांटा वाढला, आणि वाईट दिवस आले तर एक तोंडही वाढलें. म्हणून नवा माणूस घ्यावयाचा तर प्रवेशाचें द्रव्य भारी ठेवावें, किंवा घेऊंच नये, अशी वहिवाट पडली. दुसऱ्या बाजूनें ज्यांचें नांव यादींतून निघून गेलें—कोणी परराज्यांत भाडोत्री शिपाई होऊन गेला, कोणी धर्म बदलला, कोणी भांडीं कल्हई करीत पिढ्यान् पिढ्या हिंडत राहिला—ते कोणाचेच राहिले नाहींत. ज्या कँटनांत ते सांपडत तेथील शिपाई त्यांस पलीकडच्या हद्दींत हांकून देत आणि पलीकडचे पुन्हां अलीकडे.

१८४८ सालीं संघराज्य स्थापन झालें आणि १८५० च्या डिसेंबरांत ‘बेवतन’ लोकांविषयीं एक कायदा करण्यांत आला. या लोकांस कोणत्या तरी कँटनानें व गांवानें आपले म्हटलेंच पाहिजे, असें संघसरकारानें फर्माविलें. कोण कोठला हें ठरविण्यासाठीं १८५२-५३ सालीं कार्ल दुरहाइम नांवाच्या छायाचित्रकाराकडून बर्न येथें अशा स्त्रीपुरुषांचीं चित्रें काढविलीं. पोलिसांच्या कामीं छायाचित्रांचा उपयोग झाल्याचीं जगांतलीं अगदीं आरंभींचीं उदाहरणें तींच होत. त्या चित्रांत एकेक जण असा खुर्चीवर बसला आहे कीं, पाहणारास तो सभ्य गृहस्थच वाटावा. गांवांनीं कायदा पाळला, पण कुरकुरत पाळला. आणि आपल्याच माणसांविषयीं त्यांची ममता किती होती हेंही लौकरच दिसलें. आर्गाऊ कँटनमधील निडरविल—ज्याला आज रोथ्रिस्ट म्हणतात—या गांवानें १८५५ सालीं आपल्या ३०५ गरीब रहिवाशांस गांवाच्या खर्चानें अमेरिकेस रवाना केलें. जन्मभर पोसण्यापेक्षां एकदांचें जहाजाचें भाडें स्वस्त पडतें, हा साधा हिशेब होता. परदेशांतून येणाऱ्या दरिद्री लोकांविषयीं आज युरोपांत जीं भाषणें होतात, तीं ऐकतांना आम्हांस या ३०५ लोकांची आठवण होते.

याच आर्गाऊ कँटनांत दुसरा एक प्रकार चालू होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्यू लोकांस स्वित्झर्लंडांत एंडिंगेन व लेंगनाऊ या दोनच गांवीं वस्तीची परवानगी होती. तेथील कांहीं जुन्या घरांस अजून दोन दोन दरवाजे शेजारीं शेजारीं दिसतात. एकांतून ख्रिस्ती कुटुंबानें आंत जावें, दुसऱ्यांतून ज्यू कुटुंबानें. १८६२ सालीं कँटनच्या कायदेमंडळानें या लोकांस समान हक्क देण्याचा कायदा केला. लोक इतके खवळले कीं, त्यांनीं मत देऊन तें कायदेमंडळच बरखास्त केलें, आणि मागाहून तो कायदाही रद्द झाला. हें सर्व अगदीं यथाविधि, शांतपणें, लोकसत्तेच्या नियमांस धरून झालें. पुढें १८६४ सालीं फ्रान्सशीं व्यापारी तह झाला. त्यांत फ्रान्सच्या सर्व प्रजाजनांस धर्मभेद न करतां स्वित्झर्लंडांत वस्तीचा हक्क द्यावा लागला. तेव्हां स्थिति अशी विलक्षण झाली कीं, परदेशचा ज्यू बर्नमध्यें दुकान घालूं शके आणि एंडिंगेनमध्यें जन्मलेल्या ज्यूस मात्र तो हक्क नाहीं. या हास्यास्पद अवस्थेची लाज वाटून म्हणा किंवा तहाच्या भिडेनें म्हणा, १८६६ च्या जानेवारींत संघाच्या मतदारांनीं घटनादुरुस्तीच्या नऊ कलमांपैकीं तेवढें एकच मान्य केलें. उपासनेचें स्वातंत्र्य मिळण्यास १८७४ साल उजाडलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८९१ सालीं स्विस मतदारांस असा हक्क मिळाला कीं, पन्नास हजार सह्या गोळा केल्या तर घटनेंत नवें कलम घालण्याचा प्रश्न सार्वमतास टाकतां यावा. लोकसत्तेच्या इतिहासांत या हक्काचें वर्णन मोठ्या कौतुकानें केलेलें असतें आणि तें योग्यच आहे. पण या हक्काचा पहिला यशस्वी उपयोग कशासाठीं झाला? १८९३ च्या ऑगस्टमध्यें ज्यू धर्माच्या रीतीप्रमाणें पशुवध करण्यास बंदी घालण्यासाठीं; शेंकडा ६० मतें अनुकूल पडलीं. मुक्या जनावरांविषयींची कळकळ त्या चळवळींत कांहीं जणांची खरी होती. पण त्या कळकळीच्या आडोशानें दुसराही एक मनोविकार मतपेटींत शिरला हें त्या वेळच्या शहाण्या लोकांस कळत होतें. ती बंदी पुढें घटनेंतून काढून पशुसंरक्षणाच्या कायद्यांत नेली, पण उठविली नाहीं. आणि ११६ वर्षांनीं, २००९ च्या नोव्हेंबरमध्यें, त्याच मार्गानें मशिदीस मिनार बांधण्याची बंदी घटनेंत शिरली. तेव्हां सबंध देशांत मिनार चार होते.

पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांत सरहद्दी ओलांडणें बरेंच सोपें होतें. १९१० सालीं स्वित्झर्लंडांतील परकीयांचें प्रमाण शेंकडा पंधराच्या जवळ गेलें होतें. ‘युबरफ्रेम्डुंग’ म्हणजे परकीयांच्या पुरांत बुडून जाणें, हा शब्द झूरिकमधील गरिबांच्या मदतखात्याच्या एका चिटणिसानें १९०० च्या सुमारास प्रचारांत आणला. तो शब्द दानधर्माच्या कचेरींत जन्मला, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. १९१७ सालीं परकीयांवर देखरेख करणारें पोलीसखातें बर्न येथें निघालें आणि १९३१ सालीं त्याच्या हातीं कायदा आला. १९३८ सालीं जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर तांबडें ‘जे’ हें अक्षर उठविण्याचें ठरलें, तें स्विस आणि जर्मन अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतून. हें कृत्य कोणा ग्रामसभेचें नव्हे. बर्न येथील सुशिक्षित, कायदेपंडित अधिकाऱ्यांचें. उलट, सेंट गॅलन कँटनचा पोलीसप्रमुख पॉल ग्रूनिंगर यानें सरहद्द बंद झाल्यावर आलेल्या शेंकडों निर्वासितांच्या कागदांवर मागच्या तारखा घालून त्यांस आंत घेतलें. १९३९ सालीं त्याला काढून टाकलें, १९४० सालीं शिक्षा झाली, आणि १९७२ सालीं तो दारिद्र्यांतच वारला. १९९५ सालीं न्यायालयानें त्याला निर्दोष ठरविलें. तेव्हां मध्यवर्ती सत्ता उदार व स्थानिक सत्ता संकुचित, असें सोपें समीकरण मांडूं पाहणारांनीं १९३८ सालापाशीं जरा थांबावें.

दुसऱ्या महायुद्धांत स्वित्झर्लंडचे कारखाने शाबूत राहिले आणि नंतर त्यांस माणसें अपुरीं पडूं लागलीं. १९४८ सालीं इटलीशीं करार झाला आणि दक्षिणेकडून मजुरांच्या आगगाड्या भरून येऊं लागल्या. यांतील पुष्कळांस हंगामी परवाना मिळे : वर्षांतून नऊ महिने काम, नंतर देश सोडून जाणें, आणि बायकामुलांस बरोबर आणण्यास मनाई. पुष्कळांनीं मुलें आणलींच, आणि तीं घरांत लपवून ठेवलीं. दिवसभर आवाज करावयाचा नाहीं, खिडकीशीं जावयाचें नाहीं, दार वाजलें तर कपाटांत शिरावयाचें. अशा मुलांस तेथें ‘कपाटांतलीं मुलें’ हेंच नांव पडलें. हा हंगामी परवाना २००२ सालापर्यंत चालू होता. धरणें, बोगदे, रस्ते या मजुरांनीं बांधले. १९६५ च्या ऑगस्टमध्यें माटमार्क येथें धरणाच्या कामावर हिमनदीचा कडा कोसळून ८८ माणसें गाडलीं गेलीं. त्यांतील ५६ इटालियन होतीं.

अशा स्थितींत जेम्स श्वार्त्सेनबाख हा झूरिकचा एक सधन कुळांतला प्रकाशक पुढें आला. राष्ट्रीय सभेंत तो आपल्या पक्षाचा एकटाच प्रतिनिधि. त्याची मागणी अशी कीं, कोणत्याही कँटनांत परकीयांचें प्रमाण शेंकडा दहांवर जाऊं नये. जिनीव्हापुरतें तें पंचवीस असावें. मागणी मान्य झाली असती तर सुमारें तीन लाख लोकांस देश सोडावा लागला असता. सरकार, कारखानदार, मजूरसंघ, चर्च, बहुतेक सारीं वृत्तपत्रें विरुद्ध होतीं. ७ जून १९७० रोजीं मतदान झालें. शेंकडा ७५ च्या आसपास मतदार आले, आणि शेंकडा ४६ लोकांनीं त्या एकट्या माणसाच्या बाजूनें मत दिलें. मागणी फेटाळली गेली; पण पुढारलेल्या वर्गाच्या काळजाचें पाणी झालें. आम्हांस वाटतें कीं या ४६ लोकांस नुसते द्वेष्टे म्हणून मोकळें होणें हा आळस आहे. ज्या मजुराच्या चाळीचें भाडें चढत होतें, ज्याच्या मुहल्ल्यांतील बोली दहा वर्षांत पालटली, त्याला कारखानदारानें विचारलें नव्हतें. त्याच्या सल्ल्याविना त्याचें गांव बदललें, आणि मत देण्याची संधि त्याला प्रथमच मिळाली. पण ती संधि त्यानें कारखानदारावर न वापरतां कपाटांतल्या मुलांच्या बापांवर वापरली, हेंही तितकेंच खरें.

पुढें जें झालें तें अधिक बोधक आहे. १९७३ नंतर तेलाच्या महागाईनें मंदी आली. परवाने संपत गेले तसे नवे दिले गेले नाहींत, आणि १९७९ पर्यंत देशांतील परकीयांची संख्या दीड लाखांहून अधिकानें घटली. सार्वमतानें जें नाकारलें होतें त्यांतील मोठा भाग कारकुनांच्या टेबलांवर, कसलीही सभा न होतां, पार पडला.

१९७० च्या मतदानासंबंधीं आणखी एक तपशील आहे. त्यांत मत दिलें तें पुरुषांनींच. स्त्रियांस संघराज्याच्या निवडणुकींत मताधिकार मिळाला तो पुढच्या वर्षीं, ७ फेब्रुवारी १९७१ रोजीं, आणि तोही पुरुषांच्या सार्वमतानें. १९५९ सालीं त्याच पुरुषांनीं तो नाकारला होता. आपेनझेल-इनररोडेन या चिमुकल्या कँटनच्या पुरुषांनीं तर चौकांत उघड्यावर भरणाऱ्या आपल्या सभेंत १९९० च्या एप्रिलमध्येंही हात वर करून नकारच दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो नकार मोडून काढला. उपरा हा नेहमींच परदेशचा असतो असें नाहीं. घरांतही असूं शकतो.

आतां एम्मेनकडे वळूं. ल्यूसर्नला लागून असलेलें हें कारखान्यांचें गांव. पोलाद आणि कृत्रिम रेशीम यांवर वाढलेलें, आणि म्हणून परकीयांनीं भरलेलें. नागरिकत्वाचे अर्ज तेथें १९९९ पासून मतपेटीनें निकालांत काढण्याचें ठरलें. प्रत्येक मतदाराच्या घरीं अर्जदारांची माहिती देणारी पुस्तिका जाई. मार्च २००० मध्यें २३ अर्ज मतास टाकले गेले. त्यांत ५६ माणसें होतीं. चार अर्ज मंजूर झाले. आठ माणसें, सर्व इटालियन. माजी युगोस्लाव्हियांतून आलेल्यांचे सगळे अर्ज फेटाळले गेले. वर्षांची अट, भाषा, वर्तणूक, कर यांची छाननी आधींच झालेली होती. फरक उरला तो नांवांचा. कांहीं कौतुक यांतही आहे : ज्या इटालियनांस १९७० सालीं हांकलून द्यावयाचें होतें, ते तीस वर्षांनीं उत्तम शेजारी ठरले होते.

नाकारलेल्यांपैकीं पांच जण न्यायालयांत गेले. ९ जुलै २००३ रोजीं संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें एम्मेनचा निर्णय भेदभावाचा म्हणून रद्द केला. आणि त्याच दिवशीं झूरिक शहरांत मतपेटीची हीच पद्धत आणूं पाहणारी मागणीही अग्राह्य ठरविली. न्यायालयाचा युक्तिवाद थोडक्यांत असा : नागरिकत्व देणें ही केवळ राजकीय मर्जी नव्हे, तो एका विशिष्ट माणसाच्या हक्कांविषयींचा निर्णय आहे. त्या माणसास आपला अर्ज कां नाकारला हें जाणून घेण्याचा अधिकार आहे. गुप्त मतपेटी कारण सांगूं शकत नाहीं. म्हणून मतपेटीनें हा निर्णय करतां येत नाहीं.

यावर जो गदारोळ उठला तो समजून घेण्यासारखा आहे. सात न्यायाधीश असोत कीं सत्तर, जनतेनें आपल्या घरांत कोणास घ्यावें याचीं कारणें त्यांस कां द्यावीं? राजा कारण देत नसे. आतां जनता राजा आहे. स्विस जनता पक्षानें हाच मुद्दा धरून सह्या गोळविल्या. ग्रामसंस्थेचा निर्णय अंतिम असावा, त्यावर अपील नसावें, अशी मागणी १ जून २००८ रोजीं सार्वमतास आली. आणि ज्या जनतेच्या सार्वभौमत्वाचा एवढा जयघोष झाला, तिनेंच ती मागणी शेंकडा ६४ मतांनीं फेटाळली. कँटनांपैकीं एकट्या श्वित्सनें ती उचलून धरली. १ जानेवारी २००९ पासून कायदाच असा झाला कीं, ग्रामसभेंत अर्ज नाकारावयाचा तर कोणी तरी उभें राहून सकारण सूचना मांडली पाहिजे. जो शेजारी अंधारांत ‘नाहीं’ म्हणूं शकत होता, त्याला आतां सर्वांदेखत तोंड उघडावें लागतें. सत्ता गांवाकडेच राहिली. फक्त तिला बोलणें भाग पडलें. स्विस राज्यपद्धतींतील ही आम्हांस सर्वांत सुंदर तोड वाटते, आणि ती न्यायालय व जनता यांच्या भांडणांतून निघाली.

भांडण मात्र मिटलेलें नाहीं. ९ फेब्रुवारी २०१४ रोजीं परकीयांच्या आगमनास वार्षिक मर्यादा घालण्याची मागणी शेंकडा ५०.३ मतांनीं मान्य झाली. फरक वीस हजार मतांहूनही कमी. नकाशा पाहिला तर झूरिक, बाझल, जिनीव्हा या परकीयांनीं गजबजलेल्या शहरांनीं विरुद्ध मत दिलें, आणि जेथें परकीय विरळा दिसतो अशा खेड्यांनीं अनुकूल. यावरून ‘ओळख नाहीं म्हणून भय’ असें अनुमान काढणारे पुष्कळ निघाले. पण इटलीला लागून असलेल्या तिचीनो कँटनानें शेंकडा ६८ मतें अनुकूल दिलीं. तेथें हजारों इटालियन रोज सकाळीं सरहद्द ओलांडून कामावर येतात आणि पगार कमी होण्याची तक्रार कल्पनेंतली नाहीं. पुढें कायदेमंडळानें ती मर्यादा इतकी पातळ करून अंमलांत आणली कीं मूळ मागणी ओळखूं येऊं नये. आणि २०२० च्या सप्टेंबरमध्यें युरोपीय संघाशीं असलेला मुक्त संचाराचा करार मोडण्याची मागणी मतदारांनींच शेंकडा ६२ च्या सुमारास मतांनीं फेटाळली.

दरम्यान देशाची लोकसंख्या नव्वद लाखांवर गेली आहे आणि तींत परकीयांचें प्रमाण शेंकडा २७ च्या आसपास आहे. यांतील पुष्कळ जण तेथेंच जन्मलेले आहेत. जन्मानें नागरिकत्व मिळत नसल्यामुळें ते परकीय म्हणून मोजले जातात. न्यूशातेल कँटनानें मात्र १८४९ सालींच, म्हणजे राजेशाही उलथून प्रजासत्ताक झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, परकीय रहिवाशांस गांवच्या कारभारांत मत दिलें होतें, आणि आपेनझेल-औसररोडेननें १९९५ च्या आपल्या घटनेंत हा प्रश्न ज्या त्या गांवावर सोंपविला. तेव्हां गांवकीच्या हातीं दार बंद करण्याची जशी किल्ली आहे तशी उघडण्याचीही आहे.

तिसऱ्या पिढीच्या मुलांस नागरिकत्व सुलभ करण्याची सूचना २००४ सालीं थोडक्यानें पडली होती. १२ फेब्रुवारी २०१७ रोजीं ती शेंकडा ६० मतांनीं संमत झाली. आतां अशा तरुणास गांवाच्या मताची वाट पाहावी लागत नाहीं. त्यानें पंचविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं संघसरकाराकडे अर्ज करावा, आणि आपल्या आजोबास किंवा आजीस या देशांत राहण्याचा हक्क होता असें दाखविणारा कागद जोडावा. नऊ नऊ महिन्यांच्या परवान्यांवर आयुष्य काढलेल्या मजुरांच्या नातवंडांस तो कागद शोधून काढणें नेहमींच साधतें असें नाहीं.